त्रेचाळीस नग, सर्व सुखरूप

“सही करायच्या आधी कागदाची मागची बाजू वाचत जा,” शेजारच्या मावशी म्हणाल्या होत्या. “नको असलेलं सगळं लोक मागे लिहितात.”

मावशींची उभी हयात एका कचेरीच्या दप्तरखान्यात गेलेली. कोरा कागदही त्या उलटून बघत. तिने हसून ‘हो हो’ म्हटलं आणि कडेवरच्या लेकीच्या मुठीतून मावशींच्या चष्म्याची दोरी सोडवली.

तिची काळजी वेगळीच होती. आतेबहिणीने घर बदललं तेव्हा सामान धडपणे पोचलं, पण आठ दिवसांत जुन्या शेजाऱ्यांकडे चोरी झाली. सामान उचलायला आलेल्यांनीच ते घर हेरून ठेवलं होतं. आणि इथे तर भिंतीला भिंत लागून मावशी. एकट्या, गुडघ्यांनी जेरीस आलेल्या. त्यांच्या दाराची दुसरी चावी हिच्याच पर्समध्ये असायची. नवं घर तासाभरावरच होतं, म्हणून चावी पुढेही तिच्याकडेच राहणार होती.

सामान हलवणाऱ्या तीन कंपन्या तिने पाखडून काढल्या. पहिलीचा माणूस घर न बघताच ‘होऊन जाईल ताई’ म्हणाला. दुसरीच्या फोनवर दर वेळी नवाच आवाज. तिसरीचा मुकादम मात्र स्वतः आला, कपाटामागे डोकावला, लेकीचा पाळणा कसा सुटा होतो तेही विचारून गेला. त्याची माणसं त्याला मास्तर म्हणत. तिने त्याच्या चार जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले.

“लग्नाआधी माझी एवढी चौकशी केली होतीस?” नवऱ्याने विचारलं.

“तेव्हा केली नाही, म्हणून तर आता करते.”

निघायच्या दिवशी मावशींचं दार बंद होतं. त्यांनी आदल्या संध्याकाळीच बजावलं होतं: निरोपाला येणार नाही, मला रडू आवरत नाही. बेल वाजवू नकोस, आणि चार दिवस फोनही नको. सवय झाली की मीच करीन. तिने त्यांचा शब्द पाळला.

नवरा नव्या घरी पुढे गेला होता. आत पलंग सुटा करताना हातोडीची ठकठक सुरू झाली, तशी लेकीने भोकाड पसरलं. तिला घेऊन ती जिन्यात उभी राहिली आणि खाली जाणाऱ्या खोक्यांवरचे आकडे मोजू लागली. सात. आठ. नऊ.

मास्तर घाम पुसत बाहेर आला. “ताई, शेजारी कोण राहतं?”

ती मोजायची थांबली. “का?”

“कोणी एकटं असतं का तिथे?”

“चौघं आहेत,” ती म्हणाली. “मुलगा पोलिसात आहे.”

इतकं सफाईने खोटं आपल्याला बोलता येतं, याचं तिलाच नवल वाटलं. मास्तर मान हलवून आत गेला. ती खाली गाडीपाशी गेली. पलंग चढला, कपाट चढलं, तरी कानातली ठकठक जाईना.

वर आली तर मास्तर मावशींच्या दाराला कान लावून उभा. तिला बघून तो मागे सरला.

“यांची चावी कोणाकडे असते का, ताई? म्हणजे मला जरा—”

“चावीबिवी काही नाही.” तिने पर्स काखेत घट्ट दाबली. “तुम्ही तुमचं काम बघा. नाहीतर मालकांना फोन लावते.”

मास्तर पुन्हा सामानाकडे वळला. शेवटचं खोकं गेल्यावर तो पायरीवर बसून सामानाच्या यादीवर बराच वेळ काहीतरी लिहीत होता. मग त्याने कागद पुढे केला. “मागे शेरा लिहिलाय. वाचून घ्या.”

लेक रडून लाल झाली होती, खाली गाडीवाला हॉर्न देत होता. सगळं आपण स्वतः मोजलंय, असं म्हणून तिने सही केली आणि यादीची प्रत पर्समध्ये कोंबली.

त्रेचाळीसच्या त्रेचाळीस नग पोचले. एका कपाचा कानही उडाला नव्हता. मास्तरला आपण कसं उडवून लावलं हे तिने नवऱ्याला दोनदा सांगितलं. मावशींचा फोन तेवढा आला नव्हता. हा रुसवा आठवडाभर पुरणार, असं नवरा म्हणाला.

पाचव्या दिवशी लेक झोपल्यावर तिने ठरवलं, कंपनीकडे तक्रार करायचीच. उद्या तो दुसऱ्या कुठल्या एकट्या बाईच्या दाराशी उभा राहील. तक्रारीला त्याचं नाव हवं होतं. तिने यादी काढली. पुढच्या बाजूला फक्त तिचीच सही होती. तिने कागद उलटला.

‘शेजारच्या घरातून भिंतीवर ठोकल्याचा आवाज, सकाळी दहापासून. आमची हातोडी थांबवून खात्री केली. बेल वाजवली, दार उघडलं नाही. ताईंना दोनदा विचारलं. घरात चौघं आहेत म्हणाल्या. बारा वाजता आवाज थांबला. वाचणाऱ्याने कृपया शेजारी एकदा बघून यावं.’