सातवी सही

"मी हक्क कधीच सोडलंय. मगे सही करणारी मी कोण?" असं म्हणत आनंदीबाईंनी संमतीपत्र दीपकच्या पुढ्यात परत सरकवलं.

कुडाळजवळच्या गावाहून दीपक सकाळीच लालबागला उतरला होता. सरकारी योजनेतून त्याला डोंगरउतारावर चर खणून माती अडवायची होती आणि दोनशे काजू लावायचे होते. खर्च सरकार देणार होतं. अट एकच, सातबाऱ्यावर ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांची संमती हवी. नावं सात. सहा सह्या त्याने महिनाभर चपला झिजवून मिळवल्या. सातवं नाव सख्ख्या आत्याचं, आणि अर्जाची मुदत उद्या संपत होती.

लालबागच्या माणसाला संमतीपत्र म्हणजे काय, ते शिकवायला जाऊ नये. चाळीच्या जागी हा टॉवर उभा राहण्याआधी बिल्डरची माणसं आनंदीबाईंच्या दारात अकरा वेळा येऊन गेली होती. बाई ओळ न् ओळ वाचल्याशिवाय पेन हातात घेत नाहीत, हे त्यांना पुरतं कळून चुकलं होतं. तिथे हा भाचा म्हणजे कुठल्या झाडाचा पाला.

आयुष्यात एकाच कागदावर त्यांनी न वाचता सही केली होती. पस्तीस वर्षांपूर्वी वडील गेले, आणि थोरल्या भावाने, म्हणजे दीपकच्या बापाने, तात्याने, माहेरच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याचा कागद पुढे केला. त्याने मान वर केली नाही, त्यांनी कागदाकडे पाहिलं नाही. सही ठोकली आणि मुंबईची एस.टी. धरली. त्यानंतर गाव नाही, भाऊ नाही. गेल्या वर्षी तात्या वारला, तेव्हाही गेल्या नाहीत. जमिनीचं त्यांना काही नव्हतं. भावाने आपल्याला नावासकट पुसून टाकलं, हे जिव्हारी लागलं होतं.

"पण आते, तुझा नाव अजून सातबाऱ्यार आसा," दीपक म्हणाला.

"तलाठी विसरलो असात. काढून टाक म्हणान सांग त्येका."

दीपकच्या पिशवीत आणखी एक कागद होता. तो म्हातारीला दाखवू नकोस, असं चुलतभावाने बजावलं होतं. दाखवलास तर हिस्सा मागून बसेल. यंदाचे काजू गेले तर गेले, हाच कागद तलाठ्याकडे दे, नाव कायमचं उडेल. दीपकला ते पटलंही होतं, अगदी या दाराची बेल वाजवेपर्यंत. पण समोर बसलेल्या बाईचं नाक थेट तात्यासारखं होतं. त्याने पिशवीत हात घातला.

"तलाठी विसराक नाय. तुझो कागद तात्यान त्येच्याकडे दिल्यानच नाय. तात्याच्या पेटीत गावलो माका."

आनंदीबाईंनी चष्मा पुसला, लावला. कागद घड्यांवर विरला होता. खाली त्यांचीच सही, रागाच्या भरात वेडीवाकडी झालेली. बाकी कुठे शिक्का नाही, नोंद नाही. पस्तीस वर्षांनी त्यांनी तो पहिल्यांदा वाचला. मग पुन्हा वाचला.

"माका सांगूक काय झाला हुता त्येका?"

"तात्या दोनदा इल्लो सांगूक. तू दार उघडूक नाय."

आनंदीबाईंचे डोळे भरून आले, ते त्यांनी पदराने खुशाल पुसले. लाजण्यासारखं त्यात काही नव्हतं. मग त्यांनी संमतीपत्र पुढे ओढलं, जन्माच्या सवयीने ते वरपासून खालपर्यंत वाचलं, उताराला चर नीट आडवे खणायला हवेत असं बजावलं, आणि सही केली. दीपकच्या जिवात जीव आला. जुना कागद मात्र त्यांनी परत दिला नाही.

तेवढ्यात भाजी घेऊन सून प्राची आली. लग्नाला बारा वर्षं झाली, पण हा चेहरा तिने या घरात कधी पाहिला नव्हता. कोण हे, अशा नजरेने तिने सासूकडे पाहिलं.

"पान मांड," आनंदीबाई म्हणाल्या. "माझ्या म्हायारचो माणूस इलो हा."