बंद न पडणारी विंडो

दोन वर्षांपूर्वी वारलेले काका रोज दुपारी मालूकाकूंच्या संगणकावरच्या एका विंडोत गप्पा मारायला यायचे, आणि ऐन रंगात आल्यावर प्रोग्राम बंद पडायचा. दुरुस्तीला आलेल्या इरावतीने एररची नोंद वाचली. दरवेळी काकूंचा शेवटचा प्रश्न एकच होता, "जेवलात का?" त्याचं उत्तर काकांच्या आठवणींत शोधता शोधता प्रोग्रामचा पायथन भाषेतला कोड कोसळत होता.

इरावतीने दोन ओळी वाढवल्या. "काकू, आता उत्तर सापडलं नाही तरी विंडो बंद पडणार नाही."

काकूंनी खुर्ची पुढे ओढली आणि सवयीने विचारलं, "अहो, जेवलात का?"

विंडो उघडीच राहिली. काकांनी पडद्यातून काकूंकडे पाहिलं.

"मालू," ते हळूच म्हणाले, "मी शेवटचं कधी जेवलो गं?"