पेटीतला बर्फ

"गेल्या वर्षी सगळ्या आयांसमोर डोस जमिनीवर ओतून टाकलेत. आता त्या पाड्यावर कोण येणार आहे, सिस्टर?" डॉक्टर म्हणाले.

इंदिराबाईंनी लसीची पेटी पुसायला घेतली. गेल्या मे महिन्यात भर उन्हात सातपुडा चढताना पेटीतला बर्फ वितळला होता आणि पोलिओची लस वाया गेली होती. यंदा त्यांनी बाजाराला आलेल्या माणसाकडून पाड्यावर निरोप धाडला, पेटी कॅरिअरला बांधली आणि दिवस मावळल्यावर चोपड्याहून सायकल काढली. चाळीस किलोमीटर, त्यातले शेवटचे अठरा बैलगाडीच्या दगडगोट्यांच्या वाटेचे. रात्रभरात त्या दोनदा पडल्या. दोन्ही वेळा आधी पेटी पाहिली, मग गुडघा.

उजाडताना त्या पोचल्या तेव्हा बर्फाचा निम्मा गोळा शाबूत होता. पाड्यात लहान मुलं नऊ, पण अंगणात तीसएक बाया पोरं घेऊन बसल्या होत्या.

"इतक्या जणी?"

"गेल्या साली ते खराब औषध तू ओतलंस, आमच्या पोरांना पाजलं नाहीस, बाई," म्हातारी चमेलीबाई म्हणाली. "आजूबाजूच्या बठ्ठ्या पाड्यांना, एकूण एक, मी तेच सांगून आले."