अण्णांचे दोन आवाज

"अगं, चहात साखर घातलीस की नुसती दाखवलीस?"

आवाज अण्णांचाच होता. तोच भरदार खर्ज, वाक्याच्या शेवटी तोच हेल. माईंनी हातातली कपबशी घाईने टेबलावर ठेवली. घशाच्या ऑपरेशनात अण्णांचा आवाज कायमचा गेला, तेव्हापासून हा माणूस घरात उरला होता तो नुसता पावलांपुरता आणि खोकल्यापुरता. माईंची नजर जाऊन तर बरीच वर्षं झालेली. ज्याचा चेहरा दिसत नाही त्याचा आवाजही जावा, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. आणि आवाज तरी कुणाचा, तर जन्मभर भाजीबाजारात लिलाव पुकारलेल्या माणसाचा!

"बघ, म्हटलं नव्हतं?" थोरली लेक म्हणाली. ऑपरेशनच्या आधी तिनेच अण्णांना हट्टाने एका कंपनीत नेलं होतं, ढीगभर वाक्यं वाचायला लावली होती. त्यातून कंपनीने हा आवाज घडवला. आता अण्णांनी टॅबवर लिहायचं आणि टॅबने बोलायचं.

"आता माझंही ऐक," धाकटा लेक म्हणाला. त्याने आपला जुना लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि अण्णांना तेच वाक्य लिहायला सांगितलं. साखरेचीच चौकशी झाली, पण गाडी उशिरा येणार असल्याचं स्टेशनवर सांगतात ना, तशी. सुकी, सपाट.

"हा कोण परका माणूस?" माई म्हणाल्या.

"फुकटातला आहे तो," थोरली म्हणाली. "फुकट ते पौष्टिक!"

"फुकट म्हणून नाही आणला. खुला आहे म्हणून आणलाय." धाकटा चिडला नाही, पण त्याचा आवाज चढला. "जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलाय. आत काय आहे ते उघडून बघता येतं, हवं तसं बदलता येतं. ताईचं सगळं कुलूपबंद. अण्णांचं रेकॉर्डिंग मागितलं होतं मी, म्हणजे यातही त्यांचाच आवाज बसवला असता. कंपनी म्हणते, ते आता आमचं."

"असू दे कुलूप. आत माझे अण्णा आहेत. दुधाची तहान ताकावर कशाला भागवायची?"

माईंना लेकीचं पटलं. न पटायला काय झालं? "मला हाच हवा," त्या म्हणाल्या, "पहिला." धाकटा लॅपटॉपची वायर गुंडाळू लागला.

टॅबवर बोट टकटकलं. "तुम्ही दोघं जरा बाहेर जा," अण्णांचा आवाज म्हणाला. भावंडं बाल्कनीत गेली. दार ओढून घेतलेलं माईंनी ऐकलं.

मग अण्णा बराच वेळ लिहीत राहिले. एका बोटाने, थांबत थांबत. माई खुर्चीत ताठ बसल्या. काय येणार याचा त्यांना अंदाज होता. हॉस्पिटलात डॉक्टरांनी मुलांना बाजूला घेऊन आवाज खाली आणला होता. आंधळ्या माणसाजवळ आवाज खाली आणला की तो जास्तच ऐकू येतो, हे शिकल्यासवरलेल्यांना कुणी सांगावं? तेव्हापासून मुलं उगाचच हसून बोलत होती आणि माई उगाचच मान डोलवत होत्या.

टकटक थांबली.

"तुम्ही दुःखी आहात असं वाटतं," अण्णांचा आवाज म्हणाला. "कृपया आपल्या जवळच्या व्यक्तीशी बोला."

"अहो, हे काय भलतंच? आणि मी जवळच बसलेय की!"

पुन्हा टकटक. पुन्हा तेच वाक्य, तितकंच मऊ, शेवटी तोच हेल. तिसऱ्या वेळी टेबलावर मूठ आदळली आणि कप खाली पडून फुटला. नवऱ्याचाच आवाज नवऱ्याला बोलू देत नव्हता. त्यांनी मुलांना हाका मारल्या.

थोरलीने टॅब हातात घेतला. वर लिहिलेलं तिने मनातच वाचलं.

"मरणाबद्दल काही लिहिलं की ते बोलत नाही, आई," ती हळू म्हणाली. "कुणी जिवाचं बरंवाईट करायच्या विचारात असेल, तर त्याला सावरावं म्हणून. कंपनीचा हेतू वाईट नाही गं."

"मग तेवढं काढून टाक."

"आपल्याला नाही काढता येत. मी कळवते त्यांना."

"आणि ते कधी काढतील?"

"मी वाचून दाखवू का?" थोरलीने विचारलं. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत अण्णांचा तळवा टेबलावर आपटला. नाही.

धाकट्याने गुंडाळलेली वायर उलगडली. "अण्णा, इथे लिहा."

"यानेही अडवलं तर?" थोरली म्हणाली.

"नाही अडवणार. उघडून बघितलंय मी." त्याने काचा गोळा केल्या, बहिणीचा दंड धरला आणि दोघं पुन्हा बाहेर गेली.

या वेळी अण्णा फार थांबले नाहीत. बटणं खाडखाड वाजली आणि तो सुका, सपाट माणूस बोलू लागला.

"डॉक्टरांनी हात टेकले. आता फार दिवस नाहीत. तुला सांगू नका असं मीच मुलांना बजावलं होतं. मला भीती वाटते गं."

त्या भीतीत भीती नव्हती, त्या 'गं'मध्ये मायेचा ओलावा नव्हता. वेळापत्रक वाचावं तसं वाचून तो गप्प झाला. माईंनी टेबलावरून हात सरकवला, लॅपटॉप ओलांडून पुढे नेला, आणि चाचपडत अण्णांचा हात शोधला. तो गार पडला होता.

"माहीत होतं मला," त्या म्हणाल्या. "तुमच्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं."