सुसी म्हणजे किल्ली

"सुसी," सासरे पुन्हा म्हणाले.

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांची टागालोग भाषा पुसली गेली आणि लहानपणची होक्कियन ही चिनी बोली तेवढी उरली. त्यातलं लिगायाला काही कळत नसे. फक्त त्यांच्या हार्डवेअरच्या दुकानातले शब्द कळत, कारण मनिलातल्या चिनी दुकानदारांकडून ते कधीच तिच्याही भाषेत आले होते. पुथाव म्हणजे कुऱ्हाड, तान्सो म्हणजे तांबं, सुसी म्हणजे किल्ली.

दुकान मात्र राहिलं नव्हतं. राखणीला आत झोपणाऱ्या मुलाला, म्हणजे लिगायाच्या नवऱ्याला, बाहेरून कुलूप लावून सासरे घरी यायचे. आग लागली त्या रात्रीही तसेच आले होते.

आता संध्याकाळ झाली की ते किल्ली मागत. जुनी सवय, असं समजून ती हवेतच किल्ली फिरवून दाखवी. "लावलं हो कुलूप, पापा. नीट लावलं." त्यावर ते ओरडत सुटत.

आज ते ओरडले नाहीत. त्यांनी चालत्या हाताने तिचं मनगट धरलं आणि सावकाश उलट्या बाजूला, कुलूप उघडताना फिरवतात तसं फिरवलं.

मग ते दाराकडे बघत राहिले. लिगायाही.