काचेवरचे ठिपके

धप्प आवाज झाला तशी धाकट्या सुनेने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि सुपली घेऊन ती मागच्या दाराने बाहेर पडली.

काचेच्या भिंतीखाली हिरवं पाखरू पडलं होतं. मान एका बाजूला कललेली, अंग अजून ऊन. वर काचेत समोरचं झाड पानापानासकट उभं होतं. तिलाही ते खरंच वाटलं असतं. पाखरू कागदात गुंडाळून ती कुंपणापाशी गेली. तिथली माती आता उकरायला जड जात नव्हती.

"कसला गं आवाज?" व्हरांड्यातून सासऱ्यांनी विचारलं. त्यांची नजर गेली होती, कान मात्र तिखट होते. पाखरं बोलू लागली की उजाडलं, असं समजून ते उठत.

"दार आपटलं, बाबा."

तो शीळ घालणारा पक्षी दोन दिवस फिरकला नाही, असं ते म्हणाले. येईल की, म्हणत ती हात धुवायला गेली.

काचेची भिंत ही मोठ्या दिरांची हौस. बाहेरच्या अंगाने जवळजवळ ठिपके लावले तर पाखरांना काच कळेल, असं तिने त्यांना भीत भीत सांगून पाहिलं होतं. काचेला कांजिण्या आल्यासारखं दिसेल, म्हणून ते हसले. जावेने कनवाळूपणाने एक कागदी घार चिकटवली. पाखरं घार चुकवून शेजारी आपटू लागली. नवरा म्हणाला, दादाच्या तोंडी लागू नकोस.

पुढे आवाज कमी होत गेले. पाखरं शहाणी झाली, असं दीर म्हणाले. तिने कुंपणापाशी उकरलेल्या मातीकडे पाहिलं.

मग एकदा पाहुण्यांसमोरच पारवा येऊन आदळला. तो खाली घसरला, पण पंख पसरलेला त्याचा अख्खा आकार काचेवर पांढुरका उमटून राहिला. पाहुणे त्याकडेच बघू लागले. दिरांनी स्वतः फडकं घेऊन काच पुसली. ऊन आलं की तो आकार पुन्हा दिसायचा. शेवटी त्यांनीच काचवाल्याला बोलावलं आणि सबंध भिंतीवर ठिपके लावून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काहीच आपटलं नाही. जावेने चहा टाकला. इतकं काही वाईट दिसत नाही, असं दीर काचेसमोर उभे राहून म्हणाले. धाकटीच्या छातीवरचा दगड उतरला. एवढ्यात तिच्या लक्षात आलं, व्हरांड्यातली खुर्ची रिकामी आहे.

चहा घेऊन ती सासऱ्यांच्या खोलीत गेली. खिडकी सताड उघडी होती. ऊन पार त्यांच्या छातीपर्यंत आलं होतं. ते जागेच होते, उताणे, कान खिडकीकडे लावून.

"बाबा, उठायचं ना?"

"इतक्यात?" ते हळूच म्हणाले. "अजून उजाडलं कुठे?"