मेंदीवरची नीळ

"झालं का काळं?" मोरीत वाकून बसलेल्या काकासाहेबांनी डोळे मिटूनच विचारलं.

सारजाबाईनं ड्रम तिरका करून तळाचं पाणी तांब्यात घेतलं, नवऱ्याच्या डोक्यावर ओतलं आणि केस पुन्हा चोळून पाहिले. मोरीतून हिरवट पाणी वाहून गेलं. केस मात्र नारिंगी ते नारिंगीच.

"बोल की!"

"काय बोलू? कप्पाळ माझं!"

काकासाहेब पंचा खांद्यावर टाकून आरशासमोर गेले. पांढरे होते तेवढे सगळे केस संत्र्याच्या सालीसारखे दिसत होते, आणि पांढरे तर जवळजवळ सगळेच होते. मिशीचीही तीच गत. त्यांनी मिशी पंच्यानं खसाखसा पुसली. रंग काही हलला नाही.

"सारजे, हे काय करून ठेवलंस?"

"मुद्दाम केलं का मी? पाकिटातला काळा रंग लावला तर तुमचे डोळे सुजतात. म्हणून मेंदी अन् तिच्यावर निळीच्या पाल्याची पूड लावली. मग दुसरं काय करायचं होतं?"

आजच नेमकं हे व्हायचं होतं. वाळूजची कंपनी बंद पडल्यापासून काकासाहेब घरीच होते. आज दुपारी शेंद्र्याच्या एका कारखान्याच्या गेटवर ठेकेदार माणसं निवडणार होता. तो वयाचा दाखला बघत नव्हता, तोंड बघत होता. मागच्या खेपेला पांढरं डोकं दिसताच त्यानं काकासाहेबांना रांगेतून काढलं होतं. वर हसून म्हणाला होता, "काका, तुम्ही सावलीला बसा." ते हसणं काकासाहेबांच्या मनातून अजून गेलं नव्हतं.

"परत लाव," ते म्हणाले.

"कशानं लावू? नीळ होती नव्हती ती मोरीत गेली. ड्रम कोरडा पडलाय. नळ परवा येणार, तोही आला तर."

बाहेर मोटारसायकल थांबली. शेजारचा फारूख आला. तो वाळूजला काकासाहेबांच्याच मशीनवर होता, आणि आज दोघं बरोबरच जाणार होते. त्यानं दारातून आत पाहिलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"ये क्या कर लिये काका? एकदम हमारे अब्बा लग रहे!"

"हस बाबा, तू पण हस," काकासाहेब म्हणाले.

"हसता नै जी. भाभी, नील कब घोले थे?"

"रात्रीच," सारजाबाई म्हणाली. "मेंदी एका कढईत, नीळ दुसऱ्या कढईत. चांगली मुरू दिली. आई माझी मेंदी अशीच मुरवायची."

फारूखनं कपाळाला हात लावला. "अरे भाभी! मेंदी मुरती, नील मरती. मेरी घरवाली गुलशन घोलती और तुरंत मेरे बालोंकू लगाती. रातभर रक्खे तो उसमें कुछ बी नै रहता."

सारजाबाई मटकन खाली बसली. आवळा फोडला, चहाचं पाणी उकळलं, लोखंडाच्या कढया घासून घासून बोटं दुखली, आणि हे ऐकायचं! कुणाचा राग करावा तेही तिला कळेना.

"टोपी घालून जा," ती शेवटी म्हणाली.

"अन् गेटवर काढायला लावली म्हणजे? सर्कशीतला दिसतोय मी!" काकासाहेबांनी कंगवा भिंतीवर फेकून मारला. "आयुष्यभर पत्रा कापायची प्रेस चालवली. एक बोट गेलं नाय माझं. हात शाबूत, डोळे शाबूत, अन् अडलं कशावर, तर केसावर!"

फारूखनं घड्याळ पाहिलं. "एक काम करो काका. निकाल डालो पूरा. साफ टक्कल. आधे सुपरवायझर टकले हैं. उमर का पता बी नै चलता."

सारजाबाईनं चमकून खिडकीकडं पाहिलं. फारूख एकदा सारजाबाईकडं, एकदा काकासाहेबांकडं बघत राहिला.

"भाऊ, आमच्यात बाप गेल्यावरच केस उतरवतात," सारजाबाई हळूच म्हणाली. "मामंजी बसलेत ना तिथं."

खिडकीखालच्या खाटेवर काकासाहेबांचे वडील कडूबा केव्हाचे तंबाखू मळत बसले होते. फारूखनं चटकन कानाला हात लावला. "माफ करो बाबा. मेरे ध्यान में नै आया."

कडूबांनी तंबाखू दाढेखाली धरली, हात झटकले आणि लेकाच्या नारिंगी डोक्याकडं पाहिलं.

"जा, उतरवून घे," ते म्हणाले.

"दादा, काय बोलताय? तुम्ही जिते असताना?"

"मिशीबी काढ. नुसतं डोकं भादरलं तर खरं वाटायचं नाय."

"मामंजी, असलं अभद्र बोलू नका," सारजाबाई कळवळून म्हणाली. "नोकरी गेली खड्ड्यात!"

"तू गप बस. लई दिवस झाले, त्याला घरात असं बसलेला बघवंना मला." कडूबांनी पाय खाली सोडले आणि भिंतीचा आधार घेऊन उभे राहिले. "फारूख, न्हाव्याकडं गाडी घे. उशीर नको."

काकासाहेब जागचे हलले नाहीत. "अन् ठेकेदारानं विचारलं तर?"

"तर सांग, बाप गेला. मी काय गेटवर येऊन 'जिता हाय' म्हणत नाय."